लांबच्या हाताने

टक्.

डब्याचं झाकण लागलं आणि सकाळची शांतता मोडली. दुधाच्या कपासमोर बसल्याबसल्या पुन्हा झोपी गेलेल्या सुजाताने तेवढ्या आवाजाने एक डोळा उघडला.

"मम्मी, भाजी कुठली?"

"भेंडी."

"मग मी आजारी आहे," असं म्हणून पाच वर्षांच्या त्या बाईसाहेबांनी तो डोळाही मिटला.

मेघनाला हसू आलं, पण हसत बसायला वेळ नव्हता. सात दहाला मुलीची व्हॅन, साडेसातला लॅब, आठला पहिलं घर. घरोघरी जाऊन तपासणीचं रक्त गोळा करायचं हे तिचं काम. ठाण्याच्या वर्तकनगरातली अर्धी म्हातारी मंडळी सकाळी उपाशीपोटी तिची वाट बघत बसायची. दिवसाला पंधरा-वीस दंड. बाकीच्यांना माणसाचा आधी चेहरा दिसतो, मेघनाला आधी हात दिसायचे. कुठल्या हाताने कडी काढतो, कुठल्या हाताने चष्मा सावरतो, शीर कुठे सापडेल...

म्हणूनच त्या माणसाचा हात तिच्या डोळ्यांत भरला.

रस्त्याच्या पलीकडे, समोरच्या सोसायटीच्या गेटशी ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी येऊन थांबायची. रोज सात पाचला. त्या सोसायटीतले सखारामकाका रिटायर झाल्यावर, बासष्टाव्या वर्षी गाडी शिकत होते. त्यांना स्टिअरिंगवर बसवण्यासाठी शिकवणारा माणूस ड्रायव्हरच्या बाजूने उतरायचा. आता, ते दार त्याच्या उजव्या अंगाला. उजवा हात चांगला धडधाकट. तरी तो हात मांडीवर रिकामा ठेवून हा गडी डावा हात पार छातीवरून आडवा नेऊन दार उघडायचा. त्यासाठी खांदा वळायचा, मान वळायची आणि नजर थेट मागे यायची. मागे, रस्त्याच्या अलीकडे, बंद इस्त्रीच्या टपरीजवळ, बदामाच्या झाडाखाली लेकीची बॅग धरून उभी असायची मेघना.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, खांदा आखडलाय बिचाऱ्याचा. दुसऱ्या दिवशी त्याच उजव्या हाताने त्याने डिकीतून स्टेपनी उचलून बाहेर काढली. मग खांदा नाही. मग काय?

"काय म्हणजे काय," तिची आई रमाबाई म्हणाली. गॅलरीत कपडे वाळत घालता घालता तिचं सगळ्या गल्लीवर लक्ष असायचं. "तुझ्याकडे बघतो तो."

"तो दार उघडतो गं आई."

"दार हाताने उघडतात मेघे. डोळ्यांनी नाही."

"काहीतरीच. मुलीला घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे असं बघतं का कोणी?"

"मी कुठं वाईट म्हटलं," रमाबाई टॉवेल झटकत म्हणाली. "वयाने बरा दिसतो."

मेघनाने विषय तिथेच तोडला. दोन वर्षांपूर्वी कोर्टाच्या कागदावर शेवटची सही करून ती सुजाताला घेऊन आईकडे आली होती. कोणी आपल्याकडे बघावं, न बघावं, या भानगडीतून आपण सुटलो, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलेलं. पण ठरवणं वेगळं आणि मोजणं वेगळं. ती मोजायला लागली. एक... दोन... तीन. बरोबर तीन सेकंद तो बघायचा. मग दार जरासं किलकिलं व्हायचं, थांबायचं, मग पूर्ण उघडायचं. रोज तीन. कमी नाही, जास्त नाही.

गुरुवारी तिने मोहरी रंगाची ओढणी घेतली. कपाटात तीच वर होती म्हणून हाताला लागली, असं तिने स्वतःला सांगितलं. ती सगळ्यात खाली होती.

आणि शुक्रवारी तिला स्वतःचाच राग आला. सुजाताचं बोट धरून ती तरातरा रस्ता ओलांडून गेली.

"एक मिनिट. तुम्ही रोज माझ्याकडे काय बघता?"

त्याने आधी मागे वळून बघितलं, ही कुणाशी बोलतेय म्हणून. मागे नुसतं गेट होतं.

"मी? तुमच्याकडे?"

"तीन सेकंद. रोज. आमची आईपण बघते वरून."

त्याने वर बघितलं. रमाबाई घाईघाईने कोरडाच टॉवेल पिळायला लागली.

"मॅडम," तो गोंधळून म्हणाला, "मी सायकल बघतो."

"सायकल?"

"सायकल, बाईक, स्कूटर... मागून कोणी येतंय का ते. हे बघा ना." तो पुन्हा गाडीत बसला, दार ओढून घेतलं आणि काच खाली केली. "दाराजवळचा हात वापरला की माणूस समोर बघत बघतच दार ढकलतो. मागून येणारा आपटतो. लांबचा हात इथवर आणायचा म्हटलं की खांदा वळतो. खांदा वळला की मान वळते. मान वळली की मागचा रस्ता आपोआप दिसतो. डोक्याला आठवण करून द्यावी लागत नाही."

मेघनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "म्हणजे... मी..."

"तुम्ही कडेला असता ना. रस्त्यात येत नाही." तिला धीर द्यावा म्हणून त्याने मनापासून पुढे जोडलं, "म्हणजे तुम्ही मला दिसतच नाही तशा."

तेवढ्यात सखारामकाका गेटातून बाहेर आले. "काय धम्मपाल सर? बाईंना शिकायचंय का गाडी?"

"नाही," दोघं एकदमच म्हणाली.

घरी आल्यावर रमाबाईने दारातच धरलं. "काय म्हणाला?"

"सायकल बघतो म्हणाला."

रमाबाईने तोंडाला पदर लावला. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. मग डोळे पुसून तिने अगदी साळसूदपणे विचारलं, "काका काय नाव घेत होते गं? धम्मपाल ना? मला वरपर्यंत ऐकू आलं."

"आई."

"नाव विचारलं फक्त."

*

सोमवारी मेघना बदामाच्या खोडामागे उभी राहिली. अंगावर आईची करडी शाल. थंडीचे दिवस होते, येऊरच्या डोंगराकडून गार वारा येत होता, त्यामुळे शालीला कारणही होतं. गाडी आली. डावा हात, खांदा, मान... दार उघडलं. पण तो गेटकडे न जाता रस्ता ओलांडून सरळ झाडाकडे आला.

"शुक्रवारी मी चुकीचं बोललेलो," तो म्हणाला.

"काय?"

"दिसत नाही म्हणालेलो. दोन दिवस तेच डोक्यात. दिसायचात तुम्ही. पिवळी ओढणी होती एक."

"मोहरी रंगाची."

"तीच."

"आणि आज झाडामागे कशी दिसले?"

"तुम्ही नाही दिसलात. गुलाबी बॅग दिसली." त्याने सुजाताकडे बघितलं. "झाडाला गुलाबी बॅग नसते ना?"

सुजाताने गंभीरपणे मान हलवली. नसते.

सखारामकाकांना रोज पाच मिनिटं उशीर व्हायचा. कधी चष्मा सापडायचा नाही, कधी देवपूजा लांबायची. व्हॅन यायची सात दहाला. मधली ती पाच मिनिटं या तिघांची झाली.

पहिल्या दोन दिवसांतच सुजाता थांबलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. धम्मपाल बाहेर, दाराच्या बाजूला, परीक्षा घेतल्यासारखा उभा.

"लांबचा हात कुठला?"

"हा."

"मग?"

"मागे बघायचं."

"कोण आहे?"

"कुत्रा आहे."

"मग काय करायचं?"

"थांबायचं... गेला कुत्रा."

"आता कोणी आहे?"

"कोणीच नाही."

"मग लगेच उघडायचं. कोणी असेल तर थांबायचं, कोणी नसेल तर उघडायचं. उगाच बसून नाही राहायचं."

झालं. त्या दिवसापासून घरातलं एक दार सुटलं नाही. बाथरूमचं दार लांबच्या हाताने, फ्रिजचं दार लांबच्या हाताने, मागे बघत. एकदा मागे बघता बघता दह्याचं भांडं उलटलं, तेव्हा रमाबाई म्हणाली, "तुझ्या त्या मास्तरला सांग, फ्रिजमागून ट्रक येत नाही."

"माझा कुठून आला मास्तर?"

"मी सुजाताला म्हटलं," रमाबाई फरशी पुसत म्हणाली.

आणि झाडाखाली गप्पा वाढत होत्या. चिमूटभरच, पण रोज.

"तुम्ही काय करता?" त्याने विचारलं होतं.

"रक्त काढते."

"कोणाचं?"

"जो हात पुढे करेल त्याचं."

त्याने दोन्ही हात हळूच खिशात घातले. "मला सुईची भीती वाटते."

"दंड बघून वाटत नाही," ती बोलून गेली, आणि मग उगाच सुजाताची वेणी सारखी करत बसली. वेणी आधीच सारखी होती.

तो पार कल्याणच्या पलीकडे, मोहन्याला राहायचा. वडील तिथल्या जुन्या कारखान्यात होते. पहाटे उठून इतक्या लांबून यायचा, पण सात पाच चुकायची नाही. सखारामकाकांवर कधी ओरडायचा नाही. काका वळायच्या आधी इंडिकेटरऐवजी वायपर लावायचे, लखलखीत उन्हात काच पुसली जायची, आणि हा शांतपणे म्हणायचा, "काका, पाऊस थांबला की वळू या."

एके सकाळी तिने सहज विचारलं, "ही लांबच्या हाताची सवय कधी लागली तुम्हाला?"



"लागली नाही. लावून घेतली." त्याने गाडीच्या दाराकडे बघितलं. "चार वर्षं झाली. कल्याणला, बाजारात गाडी थांबवलेली. फोन वाजत होता. मी असाच, जवळच्या हाताने दार उघडलं... आवाज पण मोठा नाही आला. राघोबाबा म्हणून एक आहेत, सायकलवर पाव विकायचे. दारावर आदळले. सगळे पाव रस्त्यावर. मी उतरून बघतो तर बाबा पडल्यापडल्या पाव गोळा करतायत. खांद्याचं हाड मोडलेलं, तो हात लोंबतोय आणि दुसऱ्या हाताने पाव गोळा करतायत. मला म्हणाले, गाडीला लागलं नाही ना रे?"

मेघनाने हातातली बॅग खाली ठेवली.

"आता सायकल चालवता येत नाही त्यांना. लेकाच्या टपरीवर बसतात. मी रविवारी जातो. जाऊन काय करणार... बसतो. चहा तेच पाजतात. मला पैसे देऊ देत नाहीत. ते जास्त लागतं."

तिने त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं. खिशातून अर्धवट बाहेर, काही न करता उभा असलेला हात.

"मग या हाताला अजून किती दिवस शिक्षा?"

"शिक्षा नाही," तो जरासा हसला. "सुट्टी."

झाडाचं एक लालसर पान गाडीच्या टपावर पडलं. तिच्या ओठांवर कितीतरी दिवसांचा प्रश्न आला होता. विचारू नये, हेही तिला कळत होतं. विचारल्याशिवाय राहवणार नाही, हेही.

"आणि ते तीन सेकंद..."

"हं?"

"सगळेच्या सगळे सायकलींनाच जातात?"

त्याने तिच्याकडे बघितलं. वळून नाही, समोरून. तोंड उघडलं...

"सर," सखारामकाका चष्मा पुसत हजर झाले, "आज रिव्हर्स घ्यायचा ना?"

आयुष्यात पहिल्यांदाच काका वेळेवर आले होते.

*

दुसऱ्या दिवशी त्याने उत्तर दिलं नाही आणि तिने पुन्हा विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दोघं भेंडीच्या भावावर बोलली. असं करत करत शुक्रवार आला.

"उद्या काकांची टेस्ट," तो म्हणाला. "पास झाले की इथलं काम संपलं."

"मग?"

"सोमवारपासून कोपरीला क्लास आहे. सव्वासातला."

"कोपरी म्हणजे स्टेशनच्या पार पलीकडे."

"हो. हा रस्ता लागत नाही."

"नाही लागत," ती म्हणाली.

व्हॅनचा हॉर्न ऐकू आला. काहीतरी बोलायला हवं होतं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ती म्हणाली, "काकांना इंडिकेटर आणि वायपरमधला फरक सांगा."

"सांगतो," तो म्हणाला. आणि संपलं.

सोमवारी सात पाचला समोरच्या गेटशी नुसता रस्ता होता. सखारामकाका पेढे घेऊन आले, पास झाले होते. वायपर लावलाच होता म्हणे, पण नेमकी काच धुळकट होती. मंगळवारी त्या जागी कोणाची तरी स्कूटर उभी होती. मेघनाला त्या स्कूटरचा राग आला आणि मग आपल्याला राग आल्याचं नवल वाटलं. जेमतेम वीस-बावीस सकाळी. पाच-पाच मिनिटं. त्याचं एवढं काय? शिवाय तो सायकली बघत होता. त्याने सांगितलं होतं तसं. माणूस सरळ होता, जे होतं ते बोलला. मग आपण अजून कशाची वाट बघतोय?

बुधवारी लॅबने तिला गाडीने डोंबिवलीला पाठवलं. एका सोसायटीत तपासणीचं शिबिर होतं. उशीर झालेला, तिथून फोनवर फोन येत होते. ड्रायव्हरने गर्दीतच कडेला गाडी घेतली. मेघना मागे, उजव्या बाजूला. फोन कानाला, नमुन्यांचा डबा मांडीवर, आणि मनात नुसती घाई.

दाराकडे तिचा डावा हात गेला.

तिने पाठवला नव्हता. तो आपला आपण गेला. फोन कानावरून घसरून मांडीवर पडला, खांदा वळला, मान वळली... आणि काचेला जवळजवळ घासून एक स्कूटर सर्रकन पुढे गेली. एक बाई चालवत होती. तिच्या पायांशी एक मुलगी उभी, केसांत लाल रिबिनी.

बाईला काही कळलंसुद्धा नाही. ती पुढे जाऊन नारळवाल्यापाशी वळली.

"मॅडम, उतरताय ना?" ड्रायव्हरने विचारलं.

"थांबा जरा."

ती अजून मागेच बघत होती. रिबिनी गेल्या होत्या, पण बाकी सगळं तिथेच होतं. फुलवालीची टोपली, तिच्यामागे भिंतीला टेकून उभा एक म्हातारा, त्याच्या हातातली निळी पिशवी, पिशवीतून डोकावणारा कढीपत्ता. एक, दोन, तीन. तीन सेकंदांत एवढं दिसतं? मग एकाच जागी, एकाच झाडाखाली, वीस-बावीस सकाळी उभं असलेलं माणूस...

संध्याकाळी ती पहिल्यांदा समोरच्या सोसायटीत गेली. सखारामकाकांनी दार उघडलं.

"काका, धम्मपाल सरांना एक निरोप द्याल? म्हणावं, आज डोंबिवलीत मी लांबच्या हाताने दार उघडलं. एक लहान मुलगी वाचली. तिची आईपण."

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "नंबर देतो की. तूच सांग."

"नको. तुम्हीच सांगा."

"एवढंच सांगू?"

मेघना दोन पायऱ्या उतरली, थांबली. "...एवढंच."

*

गुरुवारी सकाळी तिने मोहरी रंगाची ओढणी घेतली. आज ती खरंच कपाटात सगळ्यात वर होती. आदल्या संध्याकाळी तिनेच ठेवली होती.

सुजाता झाडाखाली उभी राहून गळलेली पानं बुटाने गोळा करत होती. कोवळं ऊन समोरच्या भिंतीवर अर्ध्यापर्यंत उतरलं होतं. सात वाजून पाच मिनिटं.

पांढरी गाडी आली.

आली आणि त्याच गेटशी, त्याच जागी थांबली. गेटातून कोणी बाहेर आलं नाही, येणारही नव्हतं. कोपरी पार त्या टोकाला. सव्वासातचा क्लास आज बुडाला, मेघनाच्या मनात आलं, आणि तिच्या हातातली बॅग जड झाली.

काचेआड डावा हात छातीवरून आडवा आला. खांदा वळला. मान वळली.

एक... दोन... तीन...

दार उघडलं नाही.

चार. पाच.

वर गॅलरीत बादलीची कडी वाजली आणि तशीच थांबली. रमाबाईने आज टॉवेल पिळण्याचं नाटकसुद्धा केलं नाही.

सहा... सात... मेघनाचं मोजणं चुकलं. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा चुकलं. तो तसाच होता, हात कडीवर ठेवून, मागे वळलेला. आता तिनेही नजर काढून घेतली नाही.

सुजाताने पानं सोडली. तिने गाडीकडे बघितलं. मग शिकवल्याप्रमाणे नीट मान वळवून मागचा सगळा रस्ता तपासला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सायकल नाही. स्कूटर नाही. आज कुत्रासुद्धा नाही. तिने आईची ओढणी ओढली.

"मम्मी, मागून तर कोणीच येत नाहीये. मग गाडीवाले काका दार का नाही उघडत? ते कुणाला बघतायत?"